सुपरचार्जर बसण्यापूर्वीच इंजिन जाम झाले : दाद मागता येईल का?

प्रश्न : माझ्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीला सुपरचार्जर (इंजिनात दाबाने जादा हवा भरणारे यंत्र) बसवायचा, या हेतूने मी एका गॅरेजकडून इंजिन आतून मजबूत करून घेतले. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन, नवे कनेक्टिंग रॉड, जाड स्टीलची हेड गॅस्केट आणि मोठे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) बसवून गाडी मला परत देण्यात आली. इंजिनाच्या संगणकाचे ट्यूनिंग मात्र 'सुपरचार्जर बसल्यावर एकदमच करू', असे त्यांनी व्हॉट्सॲपवर कळवले होते. थोडेच अंतर चालवल्यावर धूर आणि ठोके सुरू झाले व इंजिन जाम झाले. आता गॅरेजवाले म्हणतात की मी गाडी जोरात चालवली. इंजिन त्यांनाच उघडायचे आहे, आणि उरलेले बिल, सुपरचार्जरची आगाऊ रक्कम व गाडी ठेवण्याचे भाडे दिल्याशिवाय ते गाडी सोडायला तयार नाहीत. गाडीवर बँकेचे कर्ज आहे. एका परिचिताने सुचवले की इंजिनात पाणी शिरल्याचे सांगून विम्याचा दावा करावा. हे सारे कामच बेकायदा होते, म्हणून मला दाद मागता येणार नाही का?

उत्तर : आपल्याला दाद मागता येईल, असे माझे मत आहे. मात्र ती झालेल्या कामातील दोषाबद्दल मागावी लागेल. सुपरचार्जर बसवण्याचा जो बेत अजून पूर्ण झालेला नाही, त्याबद्दल नव्हे. या दोन गोष्टी कागदावर, बोलण्यात आणि वागण्यात एकमेकींपासून वेगळ्या ठेवणे हाच आपल्या प्रकरणाचा पाया आहे, आणि गॅरेजचा वकील नेमक्या त्याच एकत्र करण्याचा प्रयत्न करील.

सर्वांत आधी विम्याबद्दल, कारण तो सल्ला आपण ऐकला तर पुढचे सारे निरर्थक ठरेल. नेहमीच्या वाहन विम्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागातून यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. न शिरलेले पाणी शिरले असे लिहून देणे म्हणजे विमा कंपनीची फसवणूक करण्याचा प्रयत्न होय आणि भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील कलम ३१८ खाली तो फौजदारी प्रकरणाचा विषय होऊ शकतो. शिवाय तेच खोटे निवेदन पुढे ग्राहक आयोगासमोर गॅरेजच्या हाती पडेल, आणि जो तक्रारदार एका ठिकाणी पाण्याचे कारण सांगतो व दुसऱ्या ठिकाणी जोडणीतील दोषाचे, त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. कृपया हा विचार मनातून पूर्णपणे काढून टाकावा.

आता आपल्या मूळ शंकेकडे वळतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरतील असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र यांच्या प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. तो वाद गाड्यांच्या बांधणीतील बदलांविषयी होता, परंतु उत्पादकाची मूळ विनिर्देशने बदलता येत नाहीत हे त्यातील सूत्र इंजिनालाही लागू पडते, असे मी मानतो. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) प्रमाणे, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इंजिनाच्या पट्ट्यावर चालून सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरणारा सुपरचार्जर मूळ रचनेत नसताना बसवला, तर इंजिनाची अश्वशक्ती आणि उत्सर्जन दोन्ही बदलतात, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी तो या तरतुदींच्या कक्षेबाहेर राहील असे मी आपल्याला सांगू शकत नाही.

परंतु आपल्या गाडीवर सुपरचार्जर बसलेलाच नाही. आतापर्यंत झाले ते एवढेच की झिजणाऱ्या व बदलता येणाऱ्या काही अंतर्गत भागांच्या जागी अधिक मजबूत भाग आले. कलम ५२ च्या स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे गाडीच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल, असे म्हटले आहे. इंजिन क्रमांक, सिलिंडरची संख्या, इंधन आणि घनक्षमता तीच राहिली असेल, तर केवळ पिस्टन कास्टऐवजी (ओतीवऐवजी) फोर्ज्ड आहेत म्हणून मूलभूत वैशिष्ट्य बदलले असे म्हणणे कठीण आहे. मात्र एक गोष्ट आपण बिलावरून ताबडतोब तपासावी : नवे पिस्टन बसवताना सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, वाढवला आहे काय? ७५ मिलिमीटर बोअर आणि ८० मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वर-खाली सरकण्याच्या अंतराच्या) चार सिलिंडरच्या इंजिनात बोअर केवळ अर्धा मिलिमीटर वाढला, तरी घनक्षमता सुमारे १९ घनसेंटिमीटरने वाढते, आणि घनक्षमता ही नोंदणी प्रमाणपत्रातील नोंद आहे. तसे झाले असेल तर परिवहन कार्यालयाशी संबंधित बाजू वेगळी हाताळावी लागेल आणि तक्रारीचा मसुदा करण्यापूर्वी आपण ते आपल्या वकिलांना सांगितलेच पाहिजे.

गॅरेजचा बचाव बहुधा भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ व २४ वर उभा राहील. ज्या कराराचे उद्दिष्ट कायद्याने निषिद्ध आहे तो शून्य असतो, आणि एकाच मोबदल्याचा काही भाग बेकायदा असेल तर सबंध करार कोसळतो, असे या कलमांचे सार आहे. म्हणून कामाचा अंदाजपत्रकातील आकडा एकच होता की दोन टप्प्यांचे दोन वेगळे आकडे होते, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा वाटला तरी त्यावर बरेच काही अवलंबून आहे. पहिल्या टप्प्याचे बिल स्वतंत्र असेल, त्याची रक्कम स्वतंत्रपणे दिली गेली असेल आणि दुसऱ्या टप्प्याची मागणी अजून 'आगाऊ रक्कम' म्हणून होत असेल, तर खुद्द गॅरेजच्याच वागण्यातून दोन करार दिसतात. त्यांपैकी पहिल्यात, म्हणजे इंजिन उघडून नवे भाग बसवून ते चालू स्थितीत परत देण्यात, बेकायदा असे काही नाही. याउलट सारे काही एकाच ठोक रकमेत ठरले असेल तर आपली बाजू दुबळी होते. अशा वेळी कलम ६५ खाली पैसे परत मागता येतील असे पुष्कळांना वाटते, परंतु बेकायदेशीरपणा दोन्ही पक्षांना आरंभापासून ठाऊक असेल तर त्या कलमाचा आधार मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच कुजू कोलिअरीज प्रकरणात स्पष्ट केले आहे.

एवढ्याचसाठी माझा आग्रह आहे की दुसऱ्या टप्प्यासाठी आपण एक रुपयाही देऊ नये आणि तो टप्पा आपल्याला नको असल्याचे लेखी कळवावे. गाडी कधीच रस्त्यावर न आणता केवळ बंदिस्त शर्यतीच्या मार्गावर चालवायची असेल तर त्याचा विचार वेगळा करावा लागेल. आपल्या पत्रावरून मात्र ही रोजच्या वापराची गाडी दिसते.

दोष कोणाचा, या प्रश्नावर आपल्या प्रकरणातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ते न उघडलेले इंजिन. निकामी झालेले इंजिन आपल्या मरणाचे कारण स्वतःच्या अंगावर बाळगून असते. सुपरचार्जरच्या जादा उष्णतेत पिस्टनच्या रिंगा अधिक प्रसरण पावतात, म्हणून त्यांच्या दोन टोकांमधील फट जोडणीच्या वेळी जास्त ठेवावी लागते; ती कमी पडली तर टोके एकमेकांना भिडतात, पिस्टनचा रिंगांमधला काठ तुटतो आणि सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे उमटतात. बेअरिंगला ऑइल कमी पडले असेल तर क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, तापून निळसर पडलेला दिसतो. इंधन कमी पडून इंजिन तापले असेल तर पिस्टनचा माथा वितळल्याच्या खुणा सापडतात. नव्या इंजिनाला रनिंग-इनच्या, म्हणजे भाग एकमेकांशी रुळण्याच्या सुरुवातीच्या, काळात जपून न चालवल्यास होणारी झीज यांहून वेगळी दिसते, आणि अनुभवी तंत्रज्ञ हा फरक ओळखू शकतो.

आपल्या बाबतीत आणखी एक शक्यता मला फार महत्त्वाची वाटते. मोठे इंजेक्टर बसवून संगणकातील मूळ मॅप (केव्हा किती पेट्रोल सोडायचे याचा तक्ता) तसाच ठेवला, तर प्रत्येक उघडझापेत ठरल्यापेक्षा जास्त पेट्रोल आत जाते. संगणक स्वतःहून करू शकणारी सुधारणा ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही, आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळते. अशा स्थितीत चालकाने कितीही जपून चालवले तरी इंजिन टिकण्याची खात्री देता येत नाही. ट्यूनिंग नंतर करू, असे गॅरेजने स्वतः लिहून कळवले आहे, आणि तोवर गाडी चालवू नका असा इशारा त्या संदेशात नसेल, तर हा एक संदेश ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) मधील 'सेवेतील त्रुटी' दाखवण्यासाठी आपला सर्वांत भक्कम पुरावा ठरू शकतो. तो फोन बदलू नका, संभाषण पुसू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली लागणारे प्रमाणपत्र वकिलांकडून वेळीच तयार करून घ्या.

म्हणून गॅरेजला एकट्याने इंजिन उघडू देऊ नये. 'दोन्ही पक्षांच्या आणि एका त्रयस्थ तंत्रज्ञाच्या उपस्थितीत, सलग चित्रीकरण करूनच इंजिन उघडावे, तोवर त्याला हात लावू नये, सुटे झालेले सर्व भाग, ऑइलचा नमुना व संगणकातील सध्याच्या मॅपची प्रत जपून ठेवावी', असे नोंदणीकृत टपालाने आणि ईमेलने आजच कळवावे. त्यांनी नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, तर ग्राहक आयोगाकडे तक्रारीसोबतच इंजिनाच्या तपासणीसाठी अर्ज करावा. तपासणीशिवाय ठरवता न येणारा मालातील दोष प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८ ने आयोगाला दिला आहे. दिवाणी न्यायालयात जावे लागले तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम १०-अ खाली शास्त्रीय तपासणीसाठी आयुक्त नेमून घेता येतो.

गाडी अडवून ठेवण्याच्या प्रश्नावर गॅरेजचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे नाही. करार अधिनियमाचे कलम १७० कारागिराला त्याने ठरल्याप्रमाणे केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क देते. परंतु हा हक्क त्याच वस्तूवर प्रत्यक्ष केलेल्या कामापुरता असतो. न बसवलेल्या सुपरचार्जरची आगाऊ रक्कम किंवा आधी न ठरलेले जागेचे भाडे यांसाठी तो वापरता येत नाही. पहिल्या टप्प्याची काही रक्कम खरोखर बाकी असेल तर ती 'हक्क राखून व निषेध नोंदवून' असे लिहून बँकेमार्फत भरावी आणि गाडीची लेखी मागणी करावी, हा मला सर्वांत जलद मार्ग वाटतो. निषेध नोंदवून पैसे भरले म्हणून काम समाधानकारक होते असे आपण मान्य केले, असा अर्थ होत नाही. रक्कम मोठी असेल आणि ती द्यायची नसेल, तर ती आयोगाकडे जमा करून गाडी सोडवण्याचा अंतरिम आदेश मागता येईल. एक दक्षता मात्र घ्या : इंजिनाची संयुक्त तपासणी झाल्याशिवाय, किंवा इंजिन मोहोरबंद केल्याचा पंचनामा झाल्याशिवाय गाडी तेथून हलवू नका, अन्यथा नंतर कोणी काय बदलले यावरच वाद सुरू होईल.

कर्जाबाबत एवढेच की तारण करारात बँकेच्या संमतीशिवाय गाडीत फेरफार न करण्याची अट असू शकते. ते कलम वाचावे आणि हप्ते चुकवू नयेत. उत्पादकाच्या वॉरंटीखाली इंजिनाचा दावा करण्याच्या फंदात पडू नये, कारण इंजिन आपण बाहेर उघडून घेतले आहे.

तक्रार आपण जेथे राहता वा काम करता तेथील जिल्हा आयोगात करता येते, आणि ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ६९ प्रमाणे त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पण आपल्या प्रकरणात मुदतीपेक्षा पुराव्याची घाई अधिक आहे. नोटिशीत पहिल्या टप्प्याची दिलेली रक्कम, इंजिन पुन्हा उभे करण्याचा दुसऱ्या तज्ज्ञ गॅरेजचा लेखी अंदाज आणि गाडी नसल्यामुळे झालेला वाजवी खर्च मागावा. नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी करार अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे आपल्यावरही आहे, म्हणून महिनोन्महिने भाड्याची गाडी वापरून तो सारा खर्च त्यांच्या माथी मारता येणार नाही. इंजिन कोणत्या हेतूने मजबूत करून घेतले, हे मात्र तक्रारीत लपवू नये. बिलांतील भागांच्या नावांवरून ते कोणालाही कळेल, आणि आपण ते स्वतः आधीच सांगितले असेल तर त्याचा आघात पुष्कळ कमी होतो. दुसरा टप्पा आपण लेखी रद्द केल्याचे पत्र त्याच परिच्छेदासोबत जोडावे.