माणा : बद्रीनाथच्या पुढचे तीन किलोमीटर

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं माणा हे तिबेटच्या जुन्या व्यापारी वाटेवरचं गाव. चारधामच्या गर्दीत बहुतेकांच्या वाट्याला ते अर्धा तासच येतं.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. टूरवाले ऋषिकेशहून एका दिवसात बद्रीनाथ आणि लगेच माणा करवतात. झेपेल का?

असं करू नका. जोशीमठ साधारण १,९०० मीटरवर, बद्रीनाथ ३,१०० मीटरवर. मधलं अंतर जेमतेम ४५ किलोमीटर, म्हणजे दोनेक तासांत बाराशे मीटर चढ. शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. पिपलकोटी किंवा जोशीमठला एक रात्र काढा, बद्रीनाथला पोचलात की त्या दिवशी फक्त दर्शन, आणि माणा दुसऱ्या दिवशी सकाळी.

बद्रीनाथ मंदिराजवळच्या तप्तकुंडाचं (गरम झऱ्याचं) पाणी चांगलंच कढत असतं. त्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त बसलं की रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो आणि बाहेर पडताना भोवळ येऊ शकते. आईंनी तांब्याने अंगावर घेतलेलं बरं. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. उंचीवरची गोळी (ॲसिटाझोलामाइड) शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुरू करू नका, सल्फाची ॲलर्जी असेल तर ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा.

डोकेदुखीसोबत उलटी सुरू झाली तर पुढे चढू नका. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर सकाळची वाट न पाहता खाली जोशीमठला उतरवा.

माण्यात गाडी वेशीपर्यंत जाते. पुढे भीमपुलापर्यंत (सरस्वती नदीवरचा नैसर्गिक दगडी पूल) किलोमीटरभर दगडी वाट, मधे पायऱ्या. व्यासगुंफेचा चढ अंगावर येतो, तो सोडला तरी चालेल. भीमपूल मात्र सोडू नका : कातळातून उसळून बाहेर पडणारी सरस्वती आणि तिचा तो कानठळ्या बसवणारा आवाज!

प्रश्न : परवाना लागतो का? वसुधारा धबधबा एका दिवसात होतो?

माण्यासाठी नाही, ओळखपत्र जवळ ठेवा. चारधाम यात्रेची नोंदणी मात्र आधीच झालेली हवी. माणा खिंडीकडचा भाग इनर लाइनच्या (सीमेजवळच्या प्रतिबंधित भागाच्या हद्दीच्या) पलीकडे येतो, तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही.

वसुधारा गावापासून पाचेक किलोमीटर. जाताना अडीच तास धरा, येताना दोन. सकाळी सातला निघा, दुपारी वारा आणि ढग दोन्ही येतात. वाटेत हॉटेल नाही, म्हणून माणशी दोन लिटर पाणी आणि खाणं मुक्कामावरूनच बांधून घ्या.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत गाव उघडं असेल?

बद्रीनाथचे कपाट (मंदिराचे दरवाजे) बंद होण्याची तिथी विजयादशमीला जाहीर होते, बहुधा नोव्हेंबरच्या मध्याची. ती पाहूनच तिकिटं काढा. कपाट मिटले की माण्यात राहणारे भोटिया जमातीचे लोक गोपेश्वरकडच्या आपल्या हिवाळी घरी उतरतात. हिवाळ्यात तिथे जायचा हट्ट नको. २८ फेब्रुवारी २०२५ला माण्याजवळ रस्ताबांधणीच्या छावणीवर हिमकडा कोसळला आणि आठ कामगार गेले.

प्रश्न : दारोदारी लोकर विकायला ठेवतात. खरी कशी ओळखायची? मागच्या वेळची पंखी धुतल्यावर आखडली.

पंखी म्हणजे अंगावर घ्यायची पातळ शाल, थुलमा म्हणजे लव वर उठवलेलं जाड पांघरूण. काठाचा एक धागा मागून घ्या आणि पेटवा. लोकर मंद जळते, केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. विणणारी बाई समोर मागावर बसलेली असली म्हणजे दुकानातला सगळा माल तिचाच, असं नाही.

आखडण्याचं कारण गरम पाणी आणि घासणं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. थंड पाण्यात रिठ्याचा फेस करून दहा मिनिटं बुडवा, नुसतं दाबा. पिळू नका, टांगू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत सपाट पसरा. मुंबई-कोकणच्या दमटपणात घोंगडीसारखीच तिलाही कसर लागते, तेव्हा पावसाळ्याआधी आणि नंतर ऊन दाखवून सुती कापडात बांधून ठेवा.