स्वादुपिंडच घडले नाही तर?

प्रश्न : तीन आठवड्यांच्या बाळाला मधुमेह आहे. सोनोग्राफीत स्वादुपिंड दिसत नाही. ग्लिबेनक्लामाईड या मधुमेहाच्या गोळीने इन्सुलिनची इंजेक्शने बंद होतील का?

उत्तर : स्वादुपिंड खरोखरच नसेल तर नाही. हे औषध केसीएनजे-११ किंवा एबीसीसी-८ जनुकांतल्या दोषात चालते. तिथे इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी असतात, फक्त त्यांची पोटॅशियम वाहिनी बंद होत नाही, म्हणून इन्सुलिन बाहेर पडत नाही. स्वादुपिंड न घडण्याचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे गाटा-६ या जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीतला बदल. त्यात हृदयदोषही असतात, म्हणून टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) लगेच करा. मात्र आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड सोनोग्राफीत झाकलेही जाते. म्हणून शौचातील इलास्टेज (स्वादुपिंडात बनणारे पाचक एन्झाइम) तपासा, जनुकचाचणी पाठवा. इलास्टेज फार कमी असेल तर डॉक्टर प्रत्येक दुधासोबत पाचक एन्झाइम आणि ए, डी, ई, के जीवनसत्त्वे सुरू करतील. एन्झाइमविना शौच तेलकट होते आणि साखर आटोक्यात असूनही वजन वाढत नाही.