दाविदाचं सिकलाग खरंच सापडलं का?

'२०१९ साली इस्राएलात सिकलाग सापडल्याची बातमी आली होती, ते पक्कं झालं का?' असं तुम्ही विचारलंय. सिकलाग म्हणजे बायबलनुसार दावीद राजा होण्याआधी जिथे राहिला ते गाव. ते पक्कं झालेलं नाही, आणि मला तरी ती जागा पटत नाही.

बातमीतली जागा म्हणजे किर्यात गत आणि लाखीश यांच्या मधलं खिर्बेत अर-राई. योसेफ गारफिंकेल, सार गानोर आणि सहकाऱ्यांनी तिथे २०१५पासून खोदकाम केलं. खाली इ.स.पू. १२व्या-११व्या शतकातली पलिष्ट्यांची (इस्राएलच्या शेजारी आणि शत्रू असलेल्या लोकांची) वस्ती, तिच्यावर १०व्या शतकाच्या सुरुवातीचं खेडं, शंभरेक अख्खी भांडी, आणि ते सगळं जळालेलं. आता बायबलमधलं १ शमुवेल हे पुस्तक वाचा. गथ या पलिष्टी शहराचा राजा आखीश दाविदाला सिकलाग देऊन टाकतो (अध्याय २७), पुढे अमालेकी टोळीवाले ते जाळतात (अध्याय ३०). आधी पलिष्टी, मग दावीद, मग आग. क्रम जुळतो खरा, पण त्या भागात जळालेले थर जागोजागी सापडतात. थरावरून काळ कळतो, गावाचं नाव नाही.

नाव सांगणारा पुरावा कसा असतो ते बायबलमधल्याच गिबोन या गावात दिसतं. अल-जीब या अरबी गावाच्या नावात ते टिकलं होतंच, शिवाय १९५६च्या सुमारास जेम्स प्रिचर्ड यांना तिथे 'गिबोन' असं कोरलेले घागरींचे कान मिळाले. सिकलागच्या नशिबी असलं काही नाही, म्हणून मी बायबलच्या मजकुराकडेच वळतो.

यहोशवा १५ हा सगळे चाळून पुढे जातात तो कंटाळवाणा अध्याय. त्यात यहूदा वंशाच्या गावांची विभागवार यादी आहे. सिकलाग ३१व्या वचनात येतं, बैर-शेबाच्या दक्षिण विभागात. लाखीश ३९व्या वचनात, तळवटीच्या विभागात. अर-राईपासून लाखीश जेमतेम चार किलोमीटर. इतकी शेजारची गावं यादीकर्त्याने दोन विभागांत कशाला टाकली असती? पारसी काळाबद्दलच्या नहेम्याच्या पुस्तकातही (अध्याय ११) बैर-शेबा आणि सिकलाग सोबतच येतात. गथचे उत्खननकार आरेन माएर यांनाही अर-राईचा दावा पटलेला नाही.

माझ्यासाठी सगळ्यात बोलका भाग म्हणजे दाविदाची थापेबाजी. तो सिकलागहून दक्षिणेकडच्या टोळ्यांवर छापे घालतो, कुणालाही जिवंत ठेवत नाही, आणि आखीशला सांगतो की मी यहूदाचा मुलूख लुटला. वर्षभराहून जास्त काळ ही थाप पचते! अर-राईसारख्या गथच्या जवळच्या जागी, राजाच्या नजरेच्या टप्प्यात राहून हे जमलं नसतं. दाविदाने मुळात राजधानीपासून लांबचं गावच मागून घेतलं होतं.

म्हणून माझं मत तेल सेराला. बैर-शेबाच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवर, पलिष्टी मुलखाच्या काठावर. १९७०च्या दशकात एलिएझर ओरेन यांनी ते खणलं, आणि तिथे पारसी काळातली वस्तीही मिळाली, जी नहेम्यासाठी लागतेच. आल्ब्रेख्त आल्ट यांनी सुचवलेलं तेल हलीफ दुसऱ्या क्रमांकावर. अर-राई माझ्या यादीत तिसरं.