'द रूकी' या अमेरिकन पोलीस मालिकेतले ट्रेनिंग ऑफिसर नवख्यांशी एवढे कडक का वागतात?

कारण लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर चूक झाली की जीवच जातो. ॲकॅडमीतून बाहेर पडलं तरी हे नवखे प्रोबेशनवरच असतात, आणि ट्रेनिंग ऑफिसरच्या शेऱ्यावर नोकरी टिकते. टिम ब्रॅडफर्डचंच बघा. त्याच्या हाताखालच्या नवख्या लूसी चेनला तो गस्तीवर मध्येच विचारणार, मला गोळी लागली असं समज, आता आपण नेमके कुठे आहोत? रस्त्याचं नाव सांगता आलं नाही तर वायरलेसवर मदत बोलावणार कुठे? खडूस माणूस, पण मुद्दा बरोबर. चाळिशी ओलांडलेल्या नवख्या नोलनची पंचाईत वेगळीच: वयाने मोठा, हुद्द्याने सगळ्यांत धाकटा. मला विचाराल तर मालिकेची खरी मजा ब्रॅडफर्ड-चेन जोडीतच आहे.