कुत्र्याला ताप आलाय हे घरी कसं ओळखायचं? क्रोसिन दिली तर चालते का?

तुम्ही लिहिलंय की शेरू तीन वर्षांचा, देशी. कालपासून जेवत नाही, कान गरम लागतात, नाक कोरडं आहे. आज रविवार, नेहमीचे डॉक्टर नाहीत आणि घरात क्रोसिन आहे, तर अर्धी गोळी द्यावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं वाचेपर्यंत घरातलं कुणीतरी गोळी देऊन मोकळं होईल. क्रोसिन देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही, लहान मुलांचं सिरपही नाही. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकायची कुत्र्याच्या यकृताची ताकद आपल्याइतकी नसते. मात्रा थोडी जास्त झाली तरी यकृताला इजा होते, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, कधी तोंड नि पंजे सुजतात. कॉम्बिफ्लॅम त्याहून वाईट, कारण त्यात पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन असतं, त्याने पोटात जखमा होतात आणि किडनीवर आघात होतो. डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड, ॲस्पिरिन यांचीही तीच गत. काही डॉक्टर क्वचित पॅरासिटामॉल वापरतात, पण वजन करून, प्राण्याची अवस्था बघून. तो अंदाज स्वयंपाकघरात उभं राहून करता येत नाही. शिवाय घरून अशी एखादी गोळी पोटात गेली असेल तर डॉक्टरांना कुत्र्यांसाठीचं वेदनाशामकही लगेच देता येत नाही. आधीच दिली असेल तर गोळीचं नाव, किती दिली आणि किती वाजता, हे डॉक्टरांना स्वच्छ सांगा. कुणी ओरडेल म्हणून लपवू नका.

मी डॉक्टर नाही. नाशिकला एका पशुवैद्यांच्या दवाखान्यात बरीच वर्षं मदतनीस आहे. आलेल्या प्राण्याचं वजन घेणं आणि ताप बघणं हे माझं काम. त्या अनुभवावरून सांगते, नाकावर विश्वास ठेवू नका. झोपून उठलेल्या, पंख्याखाली किंवा उन्हात पडलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं, आणि १०५ ताप असलेली ओल्या नाकाची कुत्री मी पाहिली आहेत. कानाचंही तसंच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. आपलं ९८ च्या आसपास. म्हणजे आपल्या हाताला तो एरवीही गरमच लागणार. ताप कळतो तो फक्त थर्मामीटरने.

मेडिकलमधून साधा डिजिटल थर्मामीटर आणा, वाकणाऱ्या टोकाचा मिळाला तर उत्तम. पाऱ्याचा नको, कुत्रा हलला की फुटतो. त्यावर पेनाने शेरूचं नाव लिहा आणि तो पुन्हा माणसांसाठी वापरू नका. टोकाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. शेरूला उभं करा. त्याच्या सगळ्यात लाडक्या माणसाने डोक्याशी बसून एका हाताने मान कवेत घ्यायची, दुसऱ्याने पोटाखाली आधार द्यायचा आणि त्याच्याशी बोलत राहायचं. दुसऱ्या माणसाने शेपटी हळूच वर करून थर्मामीटर गुदद्वारातून अलगद फिरवत साधारण एक इंच आत घालायचा. छोट्या पिल्लाला अर्धा इंच पुरे. टोक विष्ठेत रुतलं तर आकडा चुकतो, म्हणून किंचित बाजूला टेकवून धरा. टीं-टीं वाजेपर्यंत थांबा, काढा, आकडा वेळेसह लिहून ठेवा, साबणाने धुऊन सॅनिटायझरने पुसा. तो गुरगुरत असेल, दुखतंय असं वाटत असेल, तर हट्ट करू नका. चावा बसला तर एकाऐवजी दोन रुग्ण होतील. कपाळावर धरायची ती बंदूक केसांवरून काही सांगत नाही. काखेतलं माप साधारण अंशभर कमी येतं, तेव्हा फारच नाइलाज असेल तरच ते घ्या.

धावून आला असेल, उन्हातून आला असेल किंवा फार घाबरला असेल तर ताप नसतानाही आकडा १०३ च्या आसपास जातो. अर्धा तास गार फरशीवर पडू द्या आणि पुन्हा बघा. शांत असताना १०३ च्या वर म्हणजे ताप. १०४ म्हणजे आजच्या आज डॉक्टर. १०५ असेल तर मिळेल त्या गाडीने निघा, कारण १०६ च्या पुढे शरीरातले अवयव बिघडायला लागतात.

आता दुसरं टोक, जे कुणी सांगत नाही. दोन दिवस तापलेला कुत्रा अचानक ९९ च्या खाली आला, पंजे गार पडले, मान उचलत नाही, तर ताप उतरला म्हणून देवाला नारळ फोडू नका. रक्ताभिसरण ढासळत असल्याची ती खूण असते. अशी कुत्री दवाखान्यात आणताना लोक सांगतात, ‘ताप तर सकाळीच गेला होता.’ १०४ वाल्यापेक्षा या कुत्र्याला जास्त घाई असते.

आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिरड्या. ओठ वर करून बघा. गुलाबी आणि ओलसर असायला हव्यात. बोटाने दाबून सोडलं की पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. आपल्या देशी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, तिथे रंग कळत नाही. मग डोळ्याची खालची पापणी हलकेच खाली ओढून आतला रंग बघा. पांढरट पडलंय, पिवळं दिसतंय, हिरड्यांवर किंवा पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत, तर थर्मामीटर काहीही सांगो, आज दवाखाना.

हे सगळं एवढं सांगतेय, कारण आपल्याकडे तापलेला मोठा कुत्रा आला की डॉक्टरांच्या मनात पहिला संशय गोचीड तापाचा असतो. तपकिरी गोचीड आपल्या हवेत बारमाही जगते आणि तिच्यातून अर्लिकिया, बॅबेसिया, ॲनाप्लाझ्मा असे वेगवेगळे जंतू कुत्र्याच्या रक्तात शिरतात. अर्लिकिया पांढऱ्या पेशींत घर करतो आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स पाडतो. म्हणून ते लाल ठिपके, म्हणून नाकातून रक्त. बॅबेसिया तांबड्या पेशी फोडतो. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद तपकिरी किंवा लालसर होते, चार पायऱ्या चढून धाप लागते. शेरूच्या कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी चाचपून बघा. एकही सापडली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. अर्लिकियाचा ताप चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी येतो. तोवर रक्त पिऊन गोचीड गळून गेलेली असते.

सापडलीच तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. काडी पेटवून चटका देऊ नका, बोटांनी चिरडू नका. रॉकेल, फिनेल, कापूर हे काहीही अंगाला चोळू नका. कुत्रा अंग चाटतो आणि ते पोटात जातं. गोचीडांवरच्या गोळ्या आणि पट्टे चांगले असतात, पण तापात घरच्या घरी सुरू करू नका, डॉक्टरांना विचारून द्या. आणि घराकडेही बघा. मादी अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत, खाटेच्या सांध्यांत, फरशीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. नुसता कुत्रा साफ करून भागत नाही.

डॉक्टरांकडे गेलात की रक्ताची तपासणी करून घ्या, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) दोन्ही. अर्लिकिया आणि बॅबेसियाची औषधं वेगळी, बॅबेसियाच्याही जातींप्रमाणे वेगळी. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला अर्लिकियावरचं डॉक्सीसायक्लिन दिलं होतं, त्यातल्या चार गोळ्या उरल्यात, त्या शेरूला द्याव्यात असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. आजार बॅबेसिया असेल तर त्याने काही साधत नाही, वेळ मात्र जातो.

आणि अर्लिकिया निघाला, औषध सुरू झालं, तर माझी एक कळकळीची विनंती आहे. बहुतेक वेळा डॉक्सीसायक्लिन २८ दिवस द्यायचं असतं. पण एकदोन दिवसांतच ताप उतरतो, कुत्रा शेपटी हलवत ताटाशी येतो, आणि घरच्यांना वाटतं की आता कशाला एवढी औषधं? पाचव्यासहाव्या दिवशी गोळ्या बंद होतात. जंतू शरीरात दबून राहतो. काही महिन्यांनी तोच कुत्रा परत येतो, वजन उतरलेलं, नाकातून रक्त थांबत नाही, रक्त तयार करणारी मज्जाच थकलेली. या अवस्थेतून सगळी कुत्री परत येत नाहीत. मला दवाखान्यात सगळ्यात जास्त त्रास याच कुत्र्यांचा होतो, कारण यांना वाचवणारी पाकिटं घरच्या फळीवर पडून असतात. पूर्ण २८ दिवस द्या. रिकाम्या पोटी देऊ नका आणि वर थोडं पाणी किंवा घास द्या, नाहीतर कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून जखम करते.

ताप गोचीडांमुळेच असेल असं नाही. पिल्लू तापलेलं असेल, उलट्या आणि रक्ताची जुलाब असेल, तर पार्व्हो हा आतड्यांचा विषाणूजन्य आजार समजून तासाभरात निघायचं. ऑपरेशन न झालेली मादी असेल, माजावर येऊन काही आठवडे झालेले असतील आणि ती घटाघटा पाणी पीत असेल, तर गर्भाशयात पू झाल्याचा संशय घ्यायचा. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा जिवाणूंचा आजार होतो. त्यात कावीळ दिसते आणि तो माणसालाही होतो, म्हणून लघवी पुसताना हातमोजे घाला. लसीनंतरचा किरकोळ ताप मात्र दिवस-दोन दिवसांत आपोआप जातो.

उन्हाचा झटका ही निराळीच गोष्ट, आणि यात चूक झाली तर जीव जातो. तापात शरीर स्वतःच आतलं तापमान वाढवून घेतं. उन्हाच्या झटक्यात बाहेरची उष्णता शरीराला झेपत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी, बंद गाडीत किंवा पत्र्याखाली राहिलेला कुत्रा जोरजोरात धापा टाकतोय, लाळ गळतेय, लडखडतोय, तर लगेच अंगभर नळाचं पाणी ओता, पंखा लावा आणि मग दवाखान्यात न्या. १०३ ला आला की पाणी थांबवा. सावरला असं वाटलं तरी दाखवाच. साध्या तापात मात्र असं करू नका. बर्फाच्या पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, तो कुडकुडतो आणि आतलं तापमान आणखी वाढतं. पंखा, गार फरशी, फार तर पंजे आणि पोट कोमट ओल्या फडक्याने पुसा. स्पिरिट लावू नका.

आजचा दिवस शेरूला फिरायला नेऊ नका, आंघोळ घालू नका. पाण्याची वाटी त्याच्या तोंडाजवळ ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं पाजा. खात असेल तर बिनमिठाचा मऊ भात आणि उकडलेलं चिकन, किंवा नुसतं त्याचं पाणी. त्यात कांदा-लसूण अजिबात नको, ते कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. तोंड उघडून जबरदस्तीने भरवू नका, श्वासनलिकेत जाईल. तीन-चार तासांनी ताप बघा. हिरड्यांचा फोटो, लघवीचा रंग, शेवटचं कधी खाल्लं, लसी कधी झाल्या, गोचीड दिसल्या होत्या का, हे सगळं टिपून बरोबर न्या. मोठ्या शहरात असाल तर रविवारी उघडे दवाखाने असतात, मुंबईत परळचं बाई साकरबाईंचं जनावरांचं रुग्णालय तर फार जुनं आहे. गावाकडे असाल तर पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक लावून बघा. तो मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, पण जवळचा सरकारी दवाखाना कुठे आहे हे तरी विचारता येईल.

शेरू कालपासून जेवला नाही, त्यामुळे १०३ निघाला आणि हिरड्या गुलाबी असल्या तरी उद्या सकाळी पहिला नंबर त्याचाच लावा. आकडा आणि हिरड्यांचा रंग इथे लिहा, मी रात्रीपर्यंत बघत राहीन. पण १०४ च्या वर निघाला तर लिहीत बसू नका, निघा.