निकालाआधी ठरव

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, पर्याय निवडायचे दिवस गेले, म्हणजे सगळेच पुन्हा शून्यावर आले, तर आणखी एकदा बसू का, असं विचारतेस. 2023मध्ये या नव्या पद्धतीविरुद्ध पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि अंमलबजावणी 2025वर गेली. तेव्हा तूच मला म्हणाली होतीस, "ताई, जुन्या पद्धतीच्या या शेवटच्या संधी, त्या कशा सोडू?" आता नव्या पद्धतीची पहिली संधी सोडवत नाही. अगं, कारण संपणारच नाही.

आणि तुला बाहेरून कुणी थांबवणारही नाही. यूपीएससी निदान खुल्या गटाला 32 वर्षं आणि 6 प्रयत्न झाले की दार लावते. राज्यसेवेला खुल्या गटाची वयाची अट 38 आहे. तोवर जाहिराती येत राहतील आणि तू फॉर्म भरत राहशील. म्हणून थांबायची तारीख तुलाच ठरवायची आहे, आणि ती निकालाआधी ठरवायची आहे. निकाल लागल्यावर माणूस ठरवत नाही, कट-ऑफशी भांडतो. दोन गुणांनी गेलं तर "थोडक्यात हुकलं", वीस गुणांनी गेलं तर "असं हरून कशी जाऊ". दोन्हीचा शेवट पुढच्या फॉर्मवर.

मी मुख्य परीक्षा देऊन आले त्याच आठवड्यात ठरवलं होतं. यादीत नाव नसेल तर संपलं. यादी लागली, थोडक्यात राहिले. अभ्यासिकेतल्या मैत्रिणी म्हणाल्या, वेडी आहेस, पुढच्या वेळी पोस्ट नक्की. घरी तर पळपुटी ठरले. माझ्या कॉटच्या भाड्यासाठी आणि मेससाठी घरची म्हैस विकली होती. ते आजही सलतं. ते पैसे पोस्टनेच फिटतील अशी माझी ठाम समजूत होती. ते फिटले वकिलीतून, थोडे थोडे करून. मी नायब तहसीलदार होणार होते. आज प्रांत कार्यालयात फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदींतल्या बदलांची, अपिलं वकील म्हणून चालवते. 1966चा जमीन महसूल अधिनियम तोच आहे, मी टेबलाच्या अलीकडे उभी असते एवढंच. परवा एका विधवेची डावललेली वारस नोंद लागली. मी पळाले नव्हते. हे मी कुणालाही, कितीही वेळा सांगेन.

तुझी खरी भीती तू पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलीस: "परीक्षा सोडली तर गावी, आणि गावी स्थळं." मुलांना ही अडचण कळत नाही. आपल्याला पुण्यात राहायला मिळतं ते परीक्षेच्या नावावर. म्हणून कितीतरी मुली अभ्यास आतून सुटला तरी सदाशिव पेठेतली खोली सोडत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. पण या दोन गोष्टी वेगळ्या कर. पुणं सोडू नकोस, परीक्षा सोड. आधी इथे काम धर, मिळेल ते धर, भाडं स्वतःच्या पगारातून दे, आणि मग घरी सांग. स्वतःच्या पैशांवर राहणाऱ्या मुलीला परत बोलावणं सोपं नसतं.

"मग एवढी वर्षं वाया?" हे मला पुन्हा लिहू नकोस. राग येतो. राज्यघटना, पंचायत राज, अर्थसंकल्प तुला येतं. ते कुणी काढून घेत नाही. पण त्या वर्षांची किंमत वसूल करायला आणखी वर्षं घालणार असशील, तर मी तुझ्या बाजूने नाही. अर्ज कर, मुलाखती दे, वकिली करायचीच असेल तर तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दे. हवं तर या वेळची परीक्षाही दे, मनापासून दे. फक्त निकालाआधी ठरव.

शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे जेवायला ये. येताना भाडं किती, मेस किती, उसने किती, सगळं कागदावर लिहून आण. आणि खाली तारीख घालून आण.

तुझी,
ताई