निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारचं अपील: मूटची तयारी

खुनाच्या खटल्यात आरोपी सुटलाय, मूटमध्ये (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खोट्या न्यायालयात) आपल्या वाट्याला सरकारी बाजू आलीय आणि बोलायला दहाच मिनिटं आहेत, तर काय मांडू, असं नाशिकच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय.

खटला पुन्हा चालवायला जाऊ नका. तुमचं भांडण आरोपीपेक्षा सत्र न्यायालयाच्या निकालपत्राशी आहे. चंद्रप्पा वि. कर्नाटक राज्य (२००७) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाठच हवा. अपिलात सगळा पुरावा नव्याने तपासता येतो, पण सुटकेमुळे निर्दोषत्वाचं गृहीतक दुप्पट पक्कं झालेलं असतं. दोन मतं शक्य असतील तर निकाल टिकतो. म्हणून "पुराव्याचा असाही अर्थ निघतो" हे वाक्य सरकारी वकिलाच्या तोंडून आलं की अपील तिथेच पडलं. खालच्या कोर्टाचं मत त्या पुराव्यावर निघूच शकत नव्हतं, हे दाखवावं लागतं.

त्यासाठी आधी जबान्या वाचा, निकाल नंतर. उलट केलं की न्यायाधीशांच्याच चष्म्यातून पुरावा दिसतो. कागदावर चार रकाने आखा: साक्षीदार, सरतपासणी (त्याला बोलावणाऱ्या वकिलाने विचारलेले प्रश्न), उलटतपासणीतली कबुली, निकालातला परिच्छेद. चौथा रकाना कोरा राहिला तर तो तुमचा सर्वांत चांगला मुद्दा. म्हणजे महत्त्वाच्या साक्षीदाराचा निकालात विचारच झालेला नाही. दुसरं नेहमीचं ठिकाण म्हणजे पंच (जप्तीच्या वेळचा साक्षीदार) फितूर झाला म्हणून जप्ती नाकारणं. तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्याने जप्ती बाद होत नाही. मुद्दे दोन, फार तर तीन. सात मुद्दे मांडणाऱ्याला कोर्ट सातवाच विचारतं, आणि तो नेमका कच्चा असतो!

कलमांत बरेच जण घसरतात. सुटकेविरुद्ध अपील जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३७८, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४१९. गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर शिक्षेचं कलम भादंविचंच (जुनी भारतीय दंड संहिता). त्या दिवशी प्रलंबित असलेलं अपील जुन्या संहितेनुसार चालतं. उच्च न्यायालयात राज्याला आधी अपिलाची परवानगी लागते. ती मिळाल्याचं मेमोरियलमध्ये (मूटच्या लेखी युक्तिवादात) एका ओळीत लिहा. पीडितेच्या अपिलाला ती लागत नाही (मल्लिकार्जुन कोडगली खटला, २०१८). उलट बाजू घेऊन सराव करताना हा फरक हमखास विचारा.

मूट प्रॉब्लेममध्ये, म्हणजे स्पर्धेसाठी दिलेल्या काल्पनिक खटल्यात, जबान्या त्रोटक असतात. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाशिक जिल्हा निवडून सुटकेचे तीन-चार निकाल उतरवून घ्या आणि हीच रकान्यांची कसरत त्यांच्यावर करा. मित्राला दर मिनिटाला मध्येच तोडायला सांगा. उत्तराची सुरुवात "हो" किंवा "नाही"ने, मग निशाणी क्रमांक (पुराव्याच्या कागदाला कोर्टाने दिलेला नंबर), मग कारण.